तक्ता सोळामधलं शून्य

ओटर क्रॉसिंग,
मंगळवार, ७ मार्च १९९५

डॉ. लिओनी वर्मेट यांस,

आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी माझ्यावर अन्याय झाला. वेळ टपालाच्या खिडकीवरच्या घड्याळात पाहून लिहून घेतली आहे. तीस वर्षं कोरोनरच्या कार्यालयात लोकांच्या मरणाच्या वेळा टंकणारी बाई मिनिटभरही इकडेतिकडे करत नाही.

त्या मिनिटाला तुमच्या विद्यापीठाचं पाकीट माझ्या हातात पडलं. 'उत्तर सरोवर जिल्ह्यातील हिंसक गुन्हे व मनुष्यवध : मूळनिवासी आणि बिगर-मूळनिवासी, १९६० ते १९९०'. दोनशे बारा गुळगुळीत पानं आणि वर तुमचं नाव. आत चिठ्ठी नाही. 'मावशी' एवढा एक शब्दसुद्धा नाही. चार वर्षांची असल्यापासून जिला मी वाढवलं, तिनं मला छापील पत्त्याच्या चिकटपट्टीवर आटोपलं. तेव्हा मीही आज 'तुम्ही' म्हणणार. आम्हाला चर्चच्या शाळेतल्या सिस्टर लोकांनी शिकवलंय, तक्रार लिहिताना आवाज चढवायचा नाही, पाठ ताठ करायची.

मी अहवाल उभ्याउभ्या वाचला. तुमच्या आकड्यांच्या बाकीच्या चुका मी माफ करते, त्या माणसाकडून होतात. पण पान त्र्याण्णव, तक्ता सोळा. 'बळी : मूळनिवासी स्त्री. मारेकरी : बिगर-मूळनिवासी.' आपल्या जिल्ह्यापुढे, तीस वर्षांत, शून्य.

आणि तळटीप : 'निवृत्त अभिलेख कर्मचाऱ्यांच्या मुलाखतींतून नोंदवहीच्या पूर्णतेस दुजोरा मिळाला.' ते निवृत्त कर्मचारी म्हणजे मी एकटी. अनेकवचन कशाला? आदरानं असेल, तर तो आदर पाकिटात घालायचा होता.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर ठेवून विचारलंत, "नोंदवहीत असायला हवा तसा न नोंदवलेला एखादा मृत्यू तुम्हाला माहीत आहे का?" मी चहा ओतत होते. मी "नाही" म्हणाले, आणि चहा तुमच्या कागदावर सांडला. तुम्ही कागद पुसलात आणि 'नाही'वर खूण केलीत. संशोधन करणाऱ्या बाईनं सांडलेला चहासुद्धा बघायचा असतो. त्याच संध्याकाळी तुम्ही टेपरेकॉर्डर बंद करून तुमच्या आईबद्दल विचारलंत. "बुडाली, उकरू नकोस," असं मी म्हणाले, आणि तुम्ही म्हणालात, "मावशी, तू जन्मभर दुसऱ्यानं सांगितलेलंच टंकत आलीस." त्यानंतर आपण बोललो नाही. ते वाक्य मी अजून गिळलेलं नाही, पण आजचा विषय तो नव्हे.

तुमच्या शून्याचं वर्तमानपत्रानं काय केलं ते पाहिलंत का? मथळा आहे : 'उत्तरेत मूळनिवासीच मूळनिवासींना मारतात.' दुकानात गल्ल्याशेजारी कात्रण डकवलंय. काल लायल हॅनिगननं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हाताऱ्यांना कळावं म्हणून आपल्या क्री भाषेत सांगितलंही. तुम्हाला लहानपणी विमानातून सरोवरावर फिरवून आणणारा तोच हॅनिगन. शिकाऱ्यांसाठी बांधलेलं त्याचं विश्रामगृह अजून आहे, विमानही आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी टपाल त्याच विमानातून येतं-जातं. चाळीस वर्षं इथे काढलेल्या गोऱ्या माणसाची क्री आता तुमच्यापेक्षा चांगली आहे.

सत्तावीस वर्षं महिन्यातून दोनदा तो माझ्या पायरीवर मांस ठेवत होता. गेल्या सप्टेंबरपासून फिरकला नाही. मी दुकानातली गोठवलेली कोंबडी खाते. तिला ओल्या पुठ्ठ्याची चव असते.

तक्ता सोळा चुकीचा आहे. किमान एक नोंद तिथे हवी. कुठली, ते तुमचं लेखी उत्तर आल्यावर सांगेन.

फिलोमेन वर्मेट

ता. क. बर्नाडीनची डार्ला सप्टेंबरात तुमच्या शहरात गेली म्हणतात. कुठे दिसली का?


ओटर क्रॉसिंग,
शुक्रवार, १७ मार्च १९९५

लिओनी,

दहा दिवस झाले, उत्तर नाही. 'तुम्ही' मला झेपत नाही, सोडून दिलं. रागावायला 'तू'च बरं पडतं.

काल बर्नाडीनकडे गेले होते. दारातूनच ओरडली, "या, सरकारी बाई! नाक आहे की दुर्बीण? भांडं चुलीवरून उतरलं की हजर."

"कोंबड्या खाऊन खाऊन मला पिसं फुटायला लागलीत," मी म्हटलं. "काय शिजवलंस?"

"मूस हरीण. मागच्या तंगडीचं मांस. बस. कोट काढ आधी, चोरासारखी काय बसतेस."

तिचा भाऊ आल्फॉन्स खिडकीशी बसून गुडघा चोळत होता. मी त्याला म्हटलं, "तू मारलास? या गुडघ्यानं?"

"तो काय मारतोय!" बर्नाडीन म्हणाली. "यानं शेवटचं काय मारलं असेल तर माझं डोकं. हॅनिगन देतो. दर दोन आठवड्यांनी येतो, पायरीवर ठेवतो, आणि मी आत घेईपर्यंत टोपी काढून उभा राहतो, थंडीत, टकलासकट. देवमाणूस आहे बाई."

मी चमचा खाली ठेवला.

"कधीपासून?"

"डार्ला गेली ना, त्यानंतर आठवड्याभरात पहिल्यांदा आला. म्हणाला, घरात लहान लेकरू आहे, त्याला लागेल."

डार्लाची छोटी टेबलाखाली बसून हाड चोखत होती. तीन वर्षांची आहे. दात सगळे आलेत, केस तुझ्यासारखे, एका बाजूला न बसणारे.

"आणि डार्लाचा फोन?"

"कसला फोन. रुसलीये. जाताना भांडलो आम्ही. पोरगी इथे टाकून जातेस का, म्हटलं. शहाणी झाल्यावर येईल." मग हळू आवाजात, "शहाणी व्हायला किती दिवस लागतात गं, फिलोमेन? तुला माहीत असेल. तुझीही गेली आहे."

दाराशी डार्लाचे हिवाळी बूट होते. आतून लोकर लावलेले, तिनं स्वतः मणी शिवलेले. असले बूट टाकून कोणी या प्रांतात हिवाळ्याच्या तोंडावर शहरात जात नाही. शेवटचे दोन उन्हाळे ती हॅनिगनच्या विश्रामगृहात स्वयंपाक करत होती, आणि "शेवटचा पगार घेऊन परस्पर जाते" म्हणून घराबाहेर पडली.

आल्फॉन्सची तक्रार वेगळीच होती. "यंदा बर्फ कापायचं कामपण नाही दिलं त्यानं. दर मार्चमध्ये आम्ही चौघं सरोवराचा बर्फ कापून त्याचं बर्फघर भरतो, वर भुसा घालतो. यंदा म्हणतो, बर्फघर जुनं झालंय, ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी जाळून टाकणार. आग लावायचा परवानासुद्धा काढलाय. सप्टेंबरपासून कुलूप आहे."

"जाळायच्या घराला कुलूप कशाला?"

"कोल्हे शिरत असतील."

"कोल्ह्यांना किल्ली कोण देतो?" बर्नाडीन म्हणाली आणि दोघं हसले. मी हसले नाही. मी एक घासही खाल्ला नाही, आणि बर्नाडीनला राग आला. आपल्यात ताटातलं मांस टाकणं म्हणजे त्या घराचा अपमान, ते तुला मी सांगायला नको.

तिथून सरळ पोलीस चौकीत गेले. नवा कॉन्स्टेबल आहे. पोरसवदा, कान लाल. भिंतीवर त्याचा मूसच्या शिंगांसोबतचा फोटो, मागे हॅनिगनचं विश्रामगृह.

"डार्ला बावीस वर्षांची आहे, मिस वर्मेट. मुली शहरात जातात."

"मुली जातात तेव्हा बूट बरोबर जातात."

"बेपत्ता म्हणून नोंदवायचं तर आईनं यावं लागेल. तुम्ही कोण तिच्या?"

"मी कोण? तू ज्या नमुन्यात मृत्यू लिहितोस ना, तो नमुना मी तयार केला."

मग तो हसला. वाईट हसला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, "तुमच्या घरच्याच डॉक्टर बाईंनी लिहिलंय ना? तुम्हाला जे वाटतंय तसलं प्रकरण या जिल्ह्यात तीस वर्षांत एकही नाही. शून्य. वरिष्ठांनी आम्हाला तो तक्ता वाचायला दिलाय."

बघ, तुझं शून्य कुठपर्यंत चालत आलं. मला वाटलं होतं ते पुस्तकात बसून राहील.

उत्तर लिही. मी अजून सगळं सांगितलेलं नाही.

मावशी


ओटर क्रॉसिंग,
मंगळवार, २८ मार्च १९९५

लिओनी,

तू उत्तर देत नाहीस, म्हणून मीच आधी देते. बसून वाच.

तुझी आई, माझी धाकटी बहीण ओडील, ३ ऑक्टोबर १९६७ ला सकाळी आपल्याच लोकांच्या जाळ्यात सापडली. व्हाइटफिश धरायला लावलेलं जाळं. त्या उन्हाळ्यात ती हॅनिगनच्या विश्रामगृहात चादरी धूत होती. डॉक्टर विमानानं आले. हॅनिगनच्याच विमानानं, तेव्हा दुसरं नव्हतंच. त्यांनी तपासलं, मी टंकलं. माझ्या बहिणीचं मी टंकलं, कारण जिल्ह्यात टंकलेखन येणारी दुसरी बाई नव्हती. नमुन्याच्या अकराव्या ओळीत डॉक्टरांनी सांगितलं : 'गळ्यावर दोन्ही बाजूंना बोटांच्या खुणा.' नमुन्यावर त्यांनी आद्याक्षरं घातली आणि ते जेवायला गेले.

त्या कागदानं काय झालं असतं ते मला माहीत होतं. पोलीस आले असते, आठवडाभर आपल्याच पुरुषांना चौकीत बसवलं असतं, आणि निघून गेले असते. त्यांच्या मागून समाजकल्याणची बाई आली असती. आई मेलेली, बापाचा पत्ता नाही, म्हातारीच्या झोपडीत चार वर्षांचं मूल. तुला त्यांनी सिस्टरांच्या निवासी शाळेत नेलं असतं. मी त्या शाळेत नऊ वर्षं काढली. त्यांनी मला अक्षर दिलं, व्याकरण दिलं, ताठ पाठ दिली. आणखी काय दिलं, ते मी तुला कधी सांगितलं नाही, आजही सांगणार नाही.

माझी आई, तुझी कोकम आजी, एवढंच म्हणाली, "पोर गेली. पोरीची पोर जाऊ द्यायची नाही."

मी नमुना पुन्हा टंकला. अकरावी ओळ कोरी सोडली. बाराव्या ओळीत लिहिलं : 'बुडून अपघाती मृत्यू.' विमानाचा पंखा सुरू झालेला होता. डॉक्टरांनी न वाचता सही केली. तुझ्या शून्याची सुरुवात तिथे आहे, लिओनी. ते तू नाही काढलंस. तुझ्या मावशीनं काढलं, एकही अक्षर न चुकवता.

पुढचं ऐक. ९ ऑक्टोबरला सकाळी हॅनिगन आपल्या पायरीवर आला. खांद्यावर मूसची अख्खी मागची तंगडी. खाली ठेवली, टोपी काढली आणि उभा राहिला.  आईकडे बघितलं नाही.

आपल्या जुन्या माणसांत याचा अर्थ एकच होतो. ज्याच्या हातून घरातलं माणूस गेलं, तो त्या घराच्या पायरीवर मांस घेऊन येतो आणि उघड्या डोक्यानं उभा राहतो. घरानं मांस आत घेतलं तर त्यानं त्या घराला पोसायचं, आणि घरानं त्याला मारायचं नाही. माझ्या जन्मात मी ते पाहिलं नव्हतं. आईनं लहानपणी एकदा पाहिलं होतं. हॅनिगननं ते कुठल्या म्हाताऱ्याकडून ऐकलं कोण जाणे. पण कसं उभं राहायचं ते त्याला बरोबर ठाऊक होतं.

आईनं त्याला खूप वेळ उभं ठेवलं. मग क्रीमध्ये विचारलं, "किती वर्षं?"

तो म्हणाला, "पोर मोठी होईपर्यंत."

आईनं वाकून मांस उचललं. एकटीनं. मला हात लावू दिला नाही. त्या रात्री तू तीन वाट्या रस्सा प्यायलीस आणि टेबलाखाली झोपलीस, हाड हातात धरून.

आता तुला कळलं असेल तू कशावर वाढलीस. कळल्यावर तुला काय होईल, या भीतीनं मी दोन वर्षांपूर्वी चहा सांडला. तुझ्या पदव्या, तुझे सरळ दात, तुझी उंची, सगळं त्याच्या मांसावर.

आईची चूक सांगते, कारण ती मेली आहे आणि स्वतः सांगू शकत नाही. तिला वाटलं, तिनं त्याला बांधून घातलं. आपल्या माणसाला ते बांधतं. ज्या घराला पोसतो त्या घरापुढे तो जन्मभर मान खाली घालून जगतो, सगळ्या गावासमोर, त्याची मुलंसुद्धा. हॅनिगनला गाव नव्हतं. त्यानं फक्त किती लागतं ते शिकून घेतलं. एका बाईचं तोंड बंद करायला महिन्याला दोन तंगड्या. तू मोठी झालीस, शहरात गेलीस, तरी तो येत राहिला. मला वाटलं पश्चात्ताप आहे. मी चर्चमध्ये त्याच्या शेजारी गुडघे टेकले, लिओनी.

आता त्यानं माझी पायरी सोडली आणि बर्नाडीनची धरली. तिला अर्थ माहीत नाही. तिच्या वयाच्या कुणालाच नाही. आम्हाला शाळेत नेलं त्या वर्षांत हे सगळं सांगायचं राहून गेलं. ते वाचायला येणारी मी एकटी उरले आहे, आणि मी वाचलं. डार्ला शहरात नाही. ओडीलला सरोवरानं परत दिलं, ते तो विसरलेला नाही. या वेळी त्यानं पाण्यावर भरवसा ठेवलेला नाही. बर्फघरातल्या त्या भुशाखाली काय आहे ते १५ एप्रिलच्या पवित्र शनिवारनंतर कुणालाच कळणार नाही.

पहिल्या नमुन्याची कार्बन-प्रत मी जपून ठेवली आहे. अकरावी ओळ, डॉक्टरांची आद्याक्षरं, सगळं वाचता येतं. बिस्किटाच्या निळ्या डब्यात, शिवणाच्या दोऱ्यांखाली. हे मी तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. हे पत्र त्याच्याच विमानातून येणार याची मला गंमत वाटते आहे. टपालाच्या पिशवीला शिशाचं सील असतं. सरकारवरचा माझा शेवटचा विश्वास तेवढ्या शिशात उरला आहे.

मावशी


ओटर क्रॉसिंग,
शनिवार, ८ एप्रिल १९९५

लिओनी,

हे पत्र विमानातून येणार नाही. सोबत आधीच्या तिन्ही पत्रांच्या प्रती आहेत. मी प्रत ठेवल्याशिवाय कधी काही पाठवत नाही. तू त्या आज पहिल्यांदाच वाचत असशील, असं मला परवापासून वाटतं आहे. तसं असेल तर या सगळ्या महिन्यात मी तुला जे जे म्हटलं ते परत घेते. पुस्तकाबद्दल म्हटलं ते सोडून.

परवा, गुरुवारी, सकाळी अकरा वाजता पायरीवर काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. दार उघडलं. मूसची मागची तंगडी. सात महिन्यांनी. आणि तो, टोपी हातात, टक्कल थंडीनं लाल.

"उपासाचे दिवस आहेत, हॅनिगन," मी म्हटलं. "विसरलास?"

"आज गुरुवार आहे, फिलोमेन. गुरुवारी चालतं. फादरना विचारलं मी."

"बर्नाडीनचं घर सोडून इकडे कसा?"

"तुझ्याकडे यायचं राहिलं, चूक झाली. म्हातारपणी माणूस विसरतो. तू वाळलीस. लिओनी बघेल तर मला बोल लावेल." मग घरात डोकावून अगदी प्रेमानं म्हणाला, "तुझं हे घर ओलसर आहे. कार्बन कागद ओलीत टिकत नाही गं. बिस्किटाचा डबा असला तरी त्याला गंज चढतोच."

मी दाराची चौकट धरली. त्यानं ते पाहिलं.

"सील कसं काढतात ते एकदा दाखवेन तुला," तो म्हणाला. "सोपं असतं. चाळीस वर्षं पिशव्या वाहतोय मी. आत घे ना मांस. मी थांबतो."

"थांब," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.

तो वीस मिनिटं उभा होता. मी खिडकीतून घड्याळ पाहत होते. मग त्यानं टोपी घातली. जाताना काच वाजवली, एकदाच, बोटाच्या टोकानं. म्हणाला, "पवित्र शनिवारी शेकोटीला ये. तुला जवळची जागा ठेवतो."

मी मांस आत घेतलं नाही. उचलून फेकलंही नाही. ते अजून पायरीवर पडलंय. काल दिवसभर लोक चर्चला जाताना येताना बघत होते. म्हाताऱ्या आगाथनं क्रूसाची खूण केली.  पायरीवरचं मांस चोवीस तास कुणी उचलत नाही, असं या गावानं कधी पाहिलेलं नाही. 

आज अकराच्या सुमारास बर्नाडीन आली. तीन आठवडे ती माझ्याशी बोलत नव्हती, त्या न खाल्लेल्या ताटावरून. फाटकापाशी थांबली. मांसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हे काय नाटक?" ती म्हणाली. "कावळे खाताहेत. वेड लागलं का तुला?"

मी तिला आत बोलावलं नाही. पायरीवरच उभी राहून सगळं सांगितलं. तंगडी, टोपी, आईचा प्रश्न, त्याचं उत्तर. ओडील. मी टंकलेली कोरी ओळ. टेबलाखाली हाड चोखणारी तू.

मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "छोटीनं सकाळी खाल्लंय ते." एवढंच. आणि गेली.

पाऊण तासानं परत आली. हातात तिचं मोठं भांडं, शिजवलेल्या मांसासकट, आणि काखेत गोठवलेलं उरलेलं, वर्तमानपत्रात बांधलेलं. तिनं ते सगळं माझ्या पायरीवर, त्या तंगडीशेजारी ठेवलं. भांडंसुद्धा. मग गळ्यातला रुमाल सोडला, पुन्हा बांधला, आणि म्हणाली, "लिही. मी नेते. आल्फॉन्सचा ट्रक आहे. उद्या गोठलेल्या सरोवरावरचा बर्फाचा रस्ता बंद करणार आहेत. आज रात्रीच्या आत आम्ही पलीकडे असू. छोटीलाही नेते. इथे नाही ठेवत."

"बर्फाला भेगा पडल्यात," मी म्हटलं.

"पडू देत. आणि कॉन्स्टेबलला आईच हवी होती ना? तर मोठ्या चौकीत आईच येणार. बूट घेऊन येणार."

ती आत्ता चुलीशी बसली आहे आणि मी हे टंकते आहे. बोटं चुकत नाहीत, पाहून घे. निळा डबा तिच्या मांडीवर आहे.

मी त्यांच्याबरोबर येत नाही. आगाथ माझ्याकडे राहायला येते आहे, पण खरं कारण दुसरं. माझ्या खिडकीतून सरोवरापलीकडचं बर्फघर दिसतं. आज तिथे कुणी नाही. मी इथून हलले तर तो पुढच्या शनिवारची वाट बघणार नाही. पायरीवर मांस आहे आणि आत बाई आहे, तोवर त्याला वाटेल की सौदा अजून तुटलेला नाही, ही म्हातारी फक्त जास्त मागते आहे. तेवढे दिवस मी त्याला तसं वाटू देणार आहे.

आता तुझं काम.

कार्बन-प्रत घे. बर्नाडीनला घेऊन प्रांताच्या मुख्य पोलीस कचेरीत जा. इथल्या चौकीला फोन करू नकोस. आपलं नाव सांगू नकोस, आधी पदवी सांग. तुझ्या त्या गुळगुळीत पुस्तकाचा एकदा तरी उपयोग होऊ दे. त्यांना सांग, तक्ता सोळा चुकीचा आहे, चूक सिद्ध करणारा कागद हा, तो टंकणारी बाई जिवंत आहे आणि शपथेवर सांगायला तयार आहे. माझ्यावर खटला भरायचा असेल तर भरू देत, मी दोषी आहे, मला वकील नको. पण बर्फघराचं कुलूप काडी लागण्याआधी तुटलं पाहिजे. भुसा हातानं उकरायला सांग, फावड्यानं नको. डार्ला तिथे असेल तर तिला आणखी लागू नये.

मला उत्तर हवं. लेखी. फोनवरचं मी ऐकणार नाही. तू मुलाखतीत टेप लावून माझं 'नाही' घेतलंस, आता मला तुझं 'हो' कागदावर दे. तारीख, वेळ आणि पूर्ण सही. ते त्याच्या पिशवीतून यायचं नाही. पोलिसांच्या माणसाच्या हातून यायचं, माझ्या दारात, सगळ्या गावासमोर. मुदत : शुक्रवार, १४ एप्रिल १९९५, दुपारी तीन. गुड फ्रायडेची ती घटका, येशूनं प्राण सोडल्याची, तुला पाठ आहे, मीच पाठ करून घेतली होती.

आणि तुझ्या तक्त्यात शून्याच्या जागी तुझ्या आईचा एक लिही. शेजारी डार्लासाठी जागा सोड. आणखी एकीची, माझी, सोडायची नसेल, तर तीनच्या आत लिही.

फिलोमेन वर्मेट
शनिवार, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं